तुरीतला गांजा आणि जागलीची बंदूक

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन निघून गेलं की शिवारात उभी राहते ती तूर. डिसेंबरात ती माणसाच्या उंचीची होते, दाट होते, आणि तिच्या ओळींत काय आहे ते बांधावरून दिसत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या वर्तमानपत्रांत हिवाळ्यात एक बातमी जवळजवळ ठरलेली असते: तुरीच्या पिकात गांजाची झाडं, स्थानिक गुन्हे शाखेचा छापा, इतक्या किलोचा मुद्देमाल, किंमत इतके लाख. त्याच शिवारातल्या दुसऱ्या गोष्टीची बातमी होत नाही. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत पीक आडवं करतात, म्हणून माणसं जागलीला जातात. फटाके असतात, वाजवायला पत्र्याचा डबा असतो, कुठे झटका मशीन असतं, आणि एखाद्याकडे आजोबांच्या वेळची भरमार बंदूक असते. तिचा परवाना आजोबांबरोबरच संपलेला असतो.

या दोन गोष्टी एकाच शेतात सापडल्या असं समजू. खटला कल्पनेतला आहे, पण त्यात अशक्य काही नाही. तुरीत चाळीस-पन्नास झाडं गांजाची, झोपडीच्या कुडाला टांगलेली भरमार, शेजारी डब्यात बार भरायची दारू आणि छर्रे. बंदूक रोह्यासाठी होती की गांजा राखण्यासाठी? आणि या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी शिक्षेत किती फरक पडावा?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा, ज्याला पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सगळे एनडीपीएस म्हणतात, त्याच्या कलम २० प्रमाणे गांजाच्या झाडाची लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लागवडीला किमान शिक्षा नाही. बाळगण्याला मात्र वजनाच्या पायऱ्या आहेत: एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत, वीस किलोच्या वर व्यावसायिक प्रमाण, शिक्षा किमान दहा वर्षं, कमाल वीस. खरी मेख वजनकाट्यावर आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं गांजा ठरत नाहीत. छाप्यात मात्र झाड मुळासकट उपटलं जातं, मातीसकट, ओलं, आणि अख्खं काट्यावर चढतं. चाळीस हिरवी झाडं वीस किलो सहज भरतात. मग किमान शिक्षा नसलेल्या लागवडीच्या गुन्ह्याला किमान दहा वर्षांचं कलम येऊन चिकटतं आणि कलम ३७ मुळे जामीनही जवळपास बंद होतो. शेंडे वेगळे करून तोलले नाहीत म्हणून उच्च न्यायालयात जामीन मिळाल्याची उदाहरणं आहेत, पण तिथवर पोचायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे लागतात.

बंदुकीचा हिशेब वेगळ्या कायद्यात आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला पूर्वी एक ते तीन वर्षं शिक्षा होती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती दोन ते पाच वर्षं झाली. गंमत म्हणजे याच कायद्याचं कलम १३ पीकसंरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना देण्याची सोय करतं. म्हणजे शेतात बंदूक असणं ही गोष्ट कायद्याला मुळात चमत्कारिक वाटत नाही, बिनपरवान्याची वाटते. खटला भरायचा तर कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, म्हणजे वाशिमच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावरून ती फाईल गेली पाहिजे. आणि विशेष न्यायालय दोन्ही आरोप एकाच खटल्यात चालवू शकतं.

गुन्ह्यासोबत बंदूक असेल तर शिक्षा वाढावी, याबद्दल माझं दुमत नाही. चोरटा धंदा आणि हत्यार एकत्र आले की पोलिसापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो. पण ती नुसती सापडली म्हणून शिक्षा वाढू नये. धंद्याशी तिचा संबंध पुराव्याने उभा राहिला तरच वाढावी, आणि किती वाढावी ते त्या माणसाला समोर पाहणाऱ्या न्यायाधीशाने कारणं लिहून ठरवावं. हे इतकं साधं आहे की यावर लेख कशाला, असं कुणाला वाटेल. पण जगात एका मोठ्या देशाने याच्या नेमकं उलट करून पाहिलं आहे, आणि आपण तिसरंच काहीतरी करतो आहोत.

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात एक कलम आहे, ९२४(सी). अमली पदार्थांच्या व्यापारात बंदूक वापरली, जवळ बाळगली किंवा त्या व्यापाराला पुढे नेण्यासाठी ठेवली, तर मूळ शिक्षेच्या वर किमान पाच वर्षं. दाखवून धमकावलं तर सात, झाडली तर दहा. ही वर्षं मूळ शिक्षेसोबत भोगता येत नाहीत. ती संपली की यांची सुरुवात होते. आणि २०१८ पर्यंत दुसऱ्या वेळच्या अशा आरोपाला थेट पंचवीस वर्षं होती, मग ती ‘दुसरी वेळ’ त्याच खटल्यातली, त्याच महिन्यातली का असेना.

याचा अर्थ काय होतो ते वेल्डन अँजेलोस या तरुणाने भोगलं. २००२ मध्ये युटा राज्यात त्याने पोलिसांच्या खबऱ्याला तीन वेळा गांजा विकला, दर वेळी आठ औंस, म्हणजे तिन्ही मिळून साधारण ६८० ग्रॅम. खबऱ्याने सांगितलं की त्याच्याजवळ पिस्तूल दिसलं. घरझडतीत आणखी गांजा आणि बंदुका मिळाल्या. त्याने पिस्तूल कुणावर रोखलं नव्हतं, झाडलं नव्हतं. सरकारी वकिलांनी आधी देऊ केलं: गुन्हा कबूल कर, पंधरा वर्षांवर मिटवू. त्याने नकार दिला, तेव्हा आरोपपत्र नव्याने लिहून बंदुकीची कलमं वाढवली गेली. ज्यूरीने बंदुकीच्या तीन कलमांवर दोषी धरलं. पाच, पंचवीस आणि पंचवीस, एकूण पंचावन्न वर्षं. नोव्हेंबर २००४ मध्ये शिक्षा सुनावणारे न्यायाधीश पॉल कॅसेल काही मवाळ गृहस्थ नव्हते. तरी त्यांनी निकालपत्रात ही शिक्षा अन्याय्य आणि क्रूर असल्याचं लिहिलं, त्याच दिवशी एका वृद्धेला मारून टाकणाऱ्याला आपण बावीस वर्षं दिली आहेत याची नोंद केली, आणि कायद्याने हात बांधलेले असल्यामुळे पंचावन्न वर्षं दिली. अँजेलोस २०१६ मध्ये सुटला, डिसेंबर २०२० मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. दरम्यान २०१८ च्या फर्स्ट स्टेप कायद्याने ही पंचवीस वर्षांची पायरी फक्त आधीचा दोष कायम झालेल्यांपुरती ठेवली.

त्याने विकलेला तो गांजा आपल्या कायद्यात अल्प प्रमाणात मोडतो, कमाल शिक्षा एक वर्ष. घरातला धरला तरी व्यावसायिक प्रमाणाची पायरी कुठल्या कुठे राहते. हे मी भारतीय कायद्याच्या कौतुकासाठी सांगत नाही. अँजेलोसच्या प्रकरणात मला वर्षांच्या आकड्यापेक्षा आधीचा सौदा महत्त्वाचा वाटतो: पंधरा की पंचावन्न, हे न्यायालयात ठरलंच नाही. ते सरकारी वकिलांच्या कचेरीत ठरलं. किमान शिक्षा सक्तीची केली की न्यायाधीशाचा अधिकार नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो, आरोपपत्र लिहिणाऱ्याकडे जातो. तिथे सुनावणी नसते, कारणं लिहावी लागत नाहीत आणि वर अपीलही नसतं. वाशिमसारख्या जिल्ह्यात तो अधिकार कुणाच्या हाती जाईल? झाड मुळासकट तोलायचं की शेंडे काढून, आणि कुडाची बंदूक पंचनाम्यात ‘गांजाजवळ’ लिहायची की ‘झोपडीत’, हे ठरवणाऱ्या अंमलदाराच्या.

अमेरिकेकडून घ्यावं असंही काही आहे. १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेली खटल्यात सांगितलं की बंदूक नुसती गाडीच्या डिकीत असणं म्हणजे वापरणं नव्हे. संसदेने १९९८ मध्ये कायदा बदलून ‘व्यापार पुढे नेण्यासाठी बाळगणं’ हेही त्यात घातलं. मग न्यायालयांपुढे प्रश्न आला की पुढे नेण्यासाठी म्हणजे कसं ओळखायचं. पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २००० मध्ये काही कसोट्या सांगितल्या: धंदा कसल्या प्रकारचा होता, हत्यार हाताशी होतं की कुलपात, भरलेलं होतं का, माल आणि पैशापासून किती अंतरावर होतं, परवान्याचं होतं की चोरीचं, हत्याराची जात कुठली, आणि ते कुठल्या परिस्थितीत सापडलं. ही यादी शहाणपणाची आहे. आपण अमेरिकेकडून वर्षं उसनी घेऊ नयेत, पण हे प्रश्न जरूर घ्यावेत. कुडाला टांगलेली, बार न भरलेली, रोह्यांच्या शिवारातली भरमार आणि मालाच्या पोत्याखाली ठेवलेलं भरलेलं पिस्तूल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो या प्रश्नांनीच कळतो.

आपल्याकडे सक्तीच्या शिक्षेचा मोह झाला नाही असं नाही. उलट प्रत्येक भीतीच्या लाटेत झाला, आणि दर वेळी न्यायालयांनी तो थोडाफार आवरला. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, असं सांगणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मिठू खटल्यात रद्द केलं. बेकायदा हत्याराने मृत्यू झाला तर फाशीच, असं म्हणणारं शस्त्र कायद्याचं कलम २७(३) फेब्रुवारी २०१२ मध्ये दलबीर सिंग खटल्यात गेलं. अमली पदार्थांच्या कायद्यातही मोठ्या प्रमाणातल्या दुसऱ्या गुन्ह्याला फाशीच, असं कलम ३१अ होतं. त्यावर निकाल दिला तो आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने, जून २०११ मध्ये, इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कच्या याचिकेवर: फाशी ‘द्यावीच’ असं न वाचता ‘देता येईल’ असं वाचावं. २०१४ मध्ये संसदेने कायद्याचा मजकूरही तसाच केला. त्याआधी २००० मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या दादू ऊर्फ तुळशीदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकारच काढून घेणारा कलम ३२अ चा भाग घटनाबाह्य ठरवला. या सगळ्यांत धागा एकच आहे: गुन्हा आणि गुन्हेगार पाहिल्याशिवाय शिक्षा आधीच ठरवून ठेवू नका.

संबंधाच्या प्रश्नाला मात्र सगळ्यात जवळून भिडला तो मुंबईचाच दुसरा खटला. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली हजारो पानांचं आरोपपत्र झालं. टाडाच्या कलम ५ मध्ये अधिसूचित क्षेत्रात विनापरवाना ठराविक हत्यारं बाळगणं हाच गुन्हा होता, किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप. दहशतवादाशी संबंध सिद्ध करायची सरकारला गरज नव्हती. संजय दत्तच्या अर्जावर १९९४ मध्ये घटनापीठाने कलमाचा अर्थ लावताना एक दार उघडं ठेवलं: हत्याराचा दहशतवादी कृत्याशी संबंध नव्हता हे आरोपीला दाखवता येईल, आणि दाखवलं तर त्याला साध्या शस्त्र कायद्याखाली शिक्षा होईल. पुढे तसंच झालं. टाडाच्या आरोपांतून तो सुटला, शस्त्र कायद्याखाली दोषी ठरला, २००७ मध्ये सहा वर्षं मिळाली, मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच केली. त्याच्या पॅरोल-फर्लोवर महाराष्ट्राने जितकी चर्चा केली, तिच्या दहाव्या हिश्शानेही १९९४ च्या त्या निकालावर केली नाही. वास्तविक तो निकाल सामान्य माणसाच्या जास्त कामाचा आहे. त्याने मान्य केलं की हत्यार आणि मोठा गुन्हा एकाच ठिकाणी दिसले म्हणून एकमेकांचे होत नाहीत. माझी तक्रार एवढीच की सिद्ध करण्याचं ओझं त्याने आरोपीवर ठेवलं. नावाजलेल्या नटाला हे ओझं पेलतं. मंगरूळपीर किंवा मानोरा तालुक्यातल्या दोन एकरवाल्याला ते पेलायचं नाही. बंदूक रोह्यासाठी होती हे तो दाखवणार कशाने? रोह्याची साक्ष काढता येत नाही.

इथवर मी जास्त शिक्षेच्या विरोधात बोलतो आहे असं वाटलं असेल. पण आपल्या खालच्या न्यायालयांतली रोजची रीत पाहिली तर दुसऱ्या टोकाची अडचण दिसते. आरोपी दोन्ही कायद्यांखाली दोषी ठरतो. गांजासाठी दहा वर्षं, हत्यारासाठी दोन, आणि आदेशाच्या शेवटी नेहमीची ओळ: सर्व शिक्षा एकत्रितपणे भोगावयाच्या आहेत. हत्याराची दोन वर्षं गांजाच्या दहांत विरघळून जातात. एकाच प्रसंगातून उपजलेल्या गुन्ह्यांच्या शिक्षा शक्यतो एकत्र चालाव्यात हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मोहम्मद अख्तर हुसेन यांच्या सोन्याच्या तस्करीच्या प्रकरणात चर्चिलं आहे, आणि ते चांगलंच तत्त्व आहे. पण त्याला अपवाद असतात आणि निवड करणं न्यायाधीशाच्या हाती असतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, काही सांगितलं नाही तर शिक्षा एकामागून एक असा नियम होता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५ आणखी स्पष्ट आहे: गुन्ह्यांचं गांभीर्य पाहून न्यायालयाने एकत्र की पाठोपाठ ते ठरवावं. ठरवावं म्हणजे विचार करावा. छापील नमुन्यातली ओळ हा विचार नव्हे. बंदूक दाखवून वसुली करणारा मालाचा दलाल आणि जागल करणारा शेतकरी, दोघांचीही बंदूक या ओळीत सारखीच नाहीशी होते. एकावर कृपा होते, दुसऱ्याला फरक पडत नाही.

एनडीपीएस कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३२ब नेमकं यासाठी आहे, आणि बातमीत ते क्वचितच दिसतं. किमान शिक्षा ठरलेल्या गुन्ह्यात किमानापेक्षा जास्त द्यायची तर काय पाहावं, ते तिथे सांगितलं आहे. पहिलंच कारण हिंसेचा किंवा शस्त्राचा वापर, अथवा तशी धमकी. पुढे आरोपीने सरकारी पदाचा गैरफायदा घेतला का, अल्पवयीन मुलांना गुंतवलं का, शाळा-कॉलेजाच्या आसपास विकलं का, तो संघटित टोळीचा आहे का. वापर किंवा धमकी, असं कायद्याने म्हटलं आहे. नुसतं असणं नाही. २०१९ मध्ये रफीक कुरेशी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही यादी बंद नाही, मालाचं प्रमाणही पाहता येईल, आणि तसं पाहूनही शिक्षा सोळावरून बारा वर्षांवर आणली. दोन वर्षांनी गुरदेव सिंग यांच्या खटल्यात एक किलो हेरॉइनसाठी पंधरा वर्षं कायम केली. गरिबी आणि घरातला एकटा कमावता असणं ही कारणं न्यायालयाला पुरेशी वाटली नाहीत. दोन्ही निकाल मला पूर्ण पटतात असं नाही, पण दोन्हींत न्यायालयाने तोललं आहे आणि का ते लिहिलं आहे. हे झालं की माझं अर्धं भांडण मिटतं.

माझ्या विरोधकाचा खरा मुद्दा गांजा नाहीच, आणि तो मान्य करायला हवा. गांजा १९८५ पर्यंत सरकारी परवान्याच्या दुकानांत मिळत होता. आज भीती आहे ती मेफेड्रोनची, ज्याला पोरं एमडी म्हणतात. त्याचं व्यावसायिक प्रमाण पन्नास ग्रॅम, म्हणजे एक मूठ. आंध्र-ओडिशाच्या डोंगरातला गांजा तेलंगणातून महाराष्ट्रात शिरतो. नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असा राष्ट्रीय महामार्ग १६१ जातो. आणि जून २०२५ पासून पूर्ण खुला झालेला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून धावतो. रस्ता शेतमालाला जसा उपयोगी तसाच चोरट्या मालालाही. हत्यारंही फार लांबून येत नाहीत. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी गाव आहे. तिथल्या गावठी पिस्तुलांचा माग महाराष्ट्रातल्या कितीतरी गुन्ह्यांत लागलेला आहे. माल, रस्ता आणि कट्टा एकत्र आल्यावर तुम्ही भरमार बंदुकीची गोष्ट काय सांगता, असं एखादा पोलीस अधिकारी मला विचारेल, आणि त्याचं चुकणार नाही.

त्याच्या हाती हत्यारांची कमतरता आहे का, ते पाहू. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात संघटित टोळीच्या सदस्याजवळचं हत्यार हा वेगळा गुन्हा केला, किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. हत्यारांच्या चोरट्या व्यापारालाही तेवढीच. भारतीय न्याय संहितेचं कलम १११ अमली पदार्थ आणि शस्त्रं दोन्हींच्या व्यापाराला संघटित गुन्हा मानतं, किमान पाच वर्षं. राज्याचा १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, मकोका, होताच. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात त्याच्या व्याख्येत अमली पदार्थांचा व्यापार स्पष्टपणे घालण्यात आला. टोळीसाठी एवढी कलमं असताना आणखी सक्तीची वर्षं कुणासाठी मागायची? टोळीसाठी नाही, कारण ती वर्षं आहेतच. ती उरतात एकट्यादुकट्यासाठी. मकोकामध्ये निदान मागच्या दहा वर्षांतली एकाहून अधिक आरोपपत्रं दाखवावी लागतात, उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. या अटी अडगळ नव्हेत. टोळी आणि माणूस यांतला फरक त्याच राखतात.

शिवाय मोठ्या व्यापाऱ्याला बंदूक लागतेच कुठे? ऑक्टोबर २०२३ मध्ये मेफेड्रोनच्या गुन्ह्यातला एक आरोपी पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळाला, तेव्हा महिनोन्‌महिने चाललेला त्याचा उपचार हा साऱ्या राज्याच्या चर्चेचा विषय झाला. त्या प्रकरणात चर्चा झाली ती ओळखींची आणि वशिल्याची, कट्ट्याची नाही. कलम ३२ब मध्ये शस्त्राच्या शेजारीच सरकारी पदाच्या गैरवापराचं कारण का ठेवलं असेल, ते अशा वेळी कळतं. बंदूक बहुतेकदा साखळीच्या खालच्या कडीजवळ सापडते: पोती वाहणाऱ्याजवळ, राखणदाराजवळ, ज्याला ती वरून दिली गेली त्याच्याजवळ. बंदुकीवर यांत्रिक वाढ ठेवली की ती साखळीत उलट्या दिशेने पडते, वरच्यावर कमी आणि खालच्यावर जास्त.

मग संबंध सिद्ध कसा करायचा? कष्टाने. बंदूक चालू स्थितीत होती का, हे न्यायसहायक प्रयोगशाळेच्या अहवालात यावं. ती नेमकी कुठे होती याचं मोजमापासह रेखाचित्र पंचनाम्यात असावं; ‘घटनास्थळी’ एवढं पुरे नाही. छाप्याचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेने सक्तीचं केलं आहे, त्यात बंदूक हलवण्याआधीची दिसावी. पीकनुकसानीचे तलाठ्याकडचे किंवा वन विभागाकडचे जुने अर्ज तपासावेत. ज्याने तीन वर्षं डुकरांच्या नुकसानीची भरपाई मागितली आहे त्याच्या बंदुकीचं कारण कागदावर आहे. फोनवरचं बोलणं, पैशांची ये-जा, काडतुसं कुठून आली, कुणाला कधी धमकी दिली गेली, हे सगळं तपासात यावं. यातलं काहीच हाती आलं नाही तर बंदुकीची शिक्षा बंदुकीपुरती द्यावी, दोन वर्षं ते पाच. आलं, तर मी म्हणेन, एकत्रित भोगण्याची ओळ खोडा आणि हत्याराची वर्षं गांजाच्या वर्षांनंतर मोजा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम २५ आणि ३२ब पुरतात.

अडतं ते शिक्षेच्या सुनावणीवर. दोषी ठरवल्यानंतर आरोपीला शिक्षेबद्दल ऐकून घ्यावं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५८ सांगतं. जुन्या संहितेत तेच कलम २३५ होतं. प्रत्यक्षात ती सुनावणी बहुतेकदा त्याच दिवशी, काही मिनिटांत उरकते. वकील म्हणतो: गरीब आहे, घरात म्हातारे आईवडील आहेत, पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी. सरकारी वकील म्हणतो: समाजाला कीड लागते आहे, कडक शिक्षा द्यावी. दोघांपैकी कुणीही त्या माणसाबद्दल तपासलेलं काही सांगत नाही. जमीन किती, कर्ज किती, झाडं कुणाच्या सांगण्यावरून लावली, बियाणं कुणी दिलं, माल कोण नेणार होता, बंदूक घरात कधीपासून आहे, हे न्यायाधीशापुढे येतच नाही. इतर गुन्ह्यांत परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवण्याची वाट तरी असते. एनडीपीएसच्या कलम ३३ ने अठरा वर्षांवरच्या आरोपीला, एकदोन किरकोळ कलमं सोडता, परिवीक्षेचा लाभच नाकारला आहे, म्हणून तो अहवालही कुणी मागवत नाही. पण लाभ नाकारणं वेगळं आणि माहिती नाकारणं वेगळं. शिक्षा किती द्यायची हे ठरवण्यासाठी अहवाल मागवायला या कलमाची आडकाठी नाही.

फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ च्या मनोज खटल्यात खालच्या न्यायालयांना सांगितलं की आरोपीचं वय, घरची परिस्थिती, शिक्षण, मानसिक अवस्था, तुरुंगातलं वागणं यांची माहिती शासनाने आणि तुरुंगाने पुढे ठेवलीच पाहिजे. दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी जिथे पणाला लागते तिथेही हे का नसावं, याचं उत्तर मला कुठे सापडत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे आता पूर्णवेळ बचाव पक्षाचे वकील नेमण्याची योजना आहे. दोषसिद्धी आणि शिक्षा यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवलं, त्या वकिलाला गावात जाऊन तलाठ्याला, पोलीस पाटलाला आणि शेजारच्या बांधकऱ्याला भेटायला लावलं, सरकारी पक्षालाही टोळीचा किंवा धमकीचा असेल तो पुरावा याच टप्प्यावर मांडायला सांगितलं, तर वाशिमच्या सत्र न्यायालयात ही पद्धत उद्यापासून सुरू होऊ शकते. उच्च न्यायालयाचं एक परिपत्रक त्याला पुरेल, आणि खर्च येईल तो वकिलाच्या एसटीच्या तिकिटाचा.